ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या माताला गावाला कोणी गेलंय का? अनुभव लिहा

भटकीण:
आज लेकीची जुनी बीचबॅग धुवायला काढली तर तळाशी चिमूटभर लाल वाळू निघाली आणि एकदम माताला आठवलं. क्रीटचा दक्षिण किनारा, हेराक्लिओनहून बसने साधारण ७० किमी. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला अख्खा कडाच गुहांनी पोखरलेला. रोमन काळात थडगी होती ती. १९६०च्या दशकात हिप्पी आले आणि त्यातच राहायला लागले, मग चर्च आणि लष्करी राजवटीने त्यांना हुसकावलं. आता तिकीट काढून आत जाता येतं.

आम्ही भर दुपारी गेलो, बाहेर डोळे दिपत होते आणि आत पाऊल टाकलं तर माठाजवळ बसल्यासारखा गारवा. भिंतीलाच दगडात कोरलेला कट्टा, एक माणूस मावेल एवढा, कडा झिजून पाट्यासारखी गुळगुळीत झालेली. लेक तेव्हा ६ वर्षांची, पटकन त्यावर आडवी झाली, म्हणाली आई आज इथेच झोपूया. मी ओरडलेच तिच्यावर, ऊठ आधी, मेलेल्या माणसांची जागा आहे. रडली बिचारी. आता हॉस्टेलला आहे. ती वाळू धुववेना, डबीत भरून ठेवलीये.

शेवग्याची_शेंग:
अगं कुठलीही आई ओरडली असती, मनाला लावून घेऊ नकोस. लेकीला फोन कर आज.
आमच्या सासूबाईंना फोनवर सांगितलं मातालाला चाललोय, तर म्हणाल्या कुठल्या मातेला? ओटी घेऊन जा! खरंच नारळ शोधला होता मी तिथे 😄

दर्यावर्दी:
लाल वाळू म्हणजे रेड बीचला गेला होतात. गावामागची टेकडी चढून उतरायची, अर्धा तास धरा, सावली अजिबात नाही, पाणी न्याच. मी चपलेवर गेलो आणि उतरताना अंगठा सुटला, अर्धी वाट अनवाणी, तळपाय भाजले. एका ग्रीक आजोबांनी काही न बोलता पिशवीतली सुतळी काढून चप्पल बांधून दिली. ती सुतळी बांधलेली चप्पल घरी आणली मी, बायको टाकू देत नाही.

कांदेपोहे:
व्हेज मिळतं का तिकडे? जूनचं बुकिंग आहे, साबा साबु (सासूबाई, सासरे) बरोबर आहेत

भटकीण:
@कांदेपोहे भरपूर मिळतं. डाकोस मागवा, जवाचा कडक टोस्ट, वर किसलेला टोमॅटो, चीज, ऑलिव्ह तेल. साबांना दाताचा त्रास असेल तर थोडा वेळ तसाच ठेवा, टोमॅटोच्या रसात मऊ पडतो. जेवणानंतर राकी न मागता आणून देतात, ती दारू आहे हे साबुंना आधीच सांगा.

सिंहगडरोड:
गायिका जोनी मिचेल १९७० मध्ये राहिली होती ना इथे. मी बाबा गेले त्या वर्षी एकटाच गेलो होतो. बाबा ७०च्या दशकात गोव्यात हिप्पींच्या हणजूणला (अंजुना) जाऊन आलेले, त्या दिवसांबद्दल बोलायला लागले की थांबायचे नाहीत, आणि मला कंटाळा यायचा. मातालाच्या धक्क्यावर मोठ्या अक्षरांत रंगवलंय, आजच काय ते जगणं, उद्या कधी येत नाही, अशा अर्थाचं. तिथे बसून सूर्य बुडेपर्यंत हललो नाही. बाबांना घेऊन यायला हवं होतं. बास, पुढे लिहवत नाही.

शेवग्याची_शेंग:
@सिंहगडरोड 🙏 त्यांच्या हणजूणच्या गोष्टी लिहून काढा की. आम्ही वाचू.

दर्यावर्दी:
+१, नवा धागाच काढा.
मातालाच्या वाळूत कासवं पण अंडी घालतात, लॉगरहेड. घरट्यांवर जाळीचे पिंजरे ठेवलेले असतात, छत्री रोवताना बघून रोवा.

कांदेपोहे:
थँक्स भटकीण! कासवांवरून आठवलं, कोकणात वेळासला कासवांची पिल्लं बघायला कोणी गेलंय का, मार्चमध्ये गेलं तर दिसतात का? होमस्टेचा नंबर विपूत (विचारपुशीत) टाका प्लीज, कुकर झाला माझा, पळते