मदत हवी आहे: सोलर हीटरमधून सकाळी तांबडं पाणी येतंय

नमस्कार मंडळी,

आम्ही कोल्हापुरात पाचगावला राहतो. गच्चीवर २०० लिटरचा ट्यूबवाला सोलर आहे, टाकी आतून ग्लासलाइन्ड (काचेसारखा थर दिलेली). पाणी बोअरचं, भलतंच जड; बादलीला पांढरा थर धरतो. टाकीपासून बाथरूमपर्यंत जुना जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप आहे. हल्ली सकाळी गरम पाण्याचा नळ सोडला की पहिली बादली तांबडी येते, मग पाणी स्वच्छ. थंड पाण्याला हा त्रास नाही.

प्लंबर म्हणतोय टाकीच गेली, नवीन घ्या. एवढा खर्च करण्याआधी विचारते. माझे दाजी इंग्लंडला असतात. तिकडे बॉयलरचं पाणी घरभर रेडिएटरमधून फिरतं आणि त्यात ते गंज रोखायचं रसायन घालतात. तसलं काही आपल्या टाकीत चालेल का? घरात तान्हं बाळ आहे, त्याची आंघोळ ह्याच पाण्यानं होते.

प्रतिसाद १

ताई, ते रसायन अजिबात घालू नका. रेडिएटरमध्ये तेच पाणी वर्षानुवर्षं फिरतं, म्हणून तिथं त्याचा उपयोग. आपल्या टाकीत रोज नवं पाणी येतं, सोबत नवा ऑक्सिजन. रसायन वाहून जाईल, तेही बाळाच्या अंगावरून.

पहिलीच बादली तांबडी येते म्हणजे माझा संशय पाइपवर आहे. रात्रभर पाइपात साचलेलं पाणी तेवढं बाहेर पडतं. जीआयवरचा जस्ताचा थर थंड पाण्यात लोखंडाला वाचवतो. पण पाणी साधारण ६० अंशांच्या वर गेलं की, विशेषतः बायकार्बोनेट जास्त असलेल्या बोअरच्या पाण्यात, हा हिशोब उलटू शकतो आणि लोखंडच खाल्लं जातं. भर उन्हाळ्यात सोलर त्याच्या सहज वर जातो. प्लंबरला टाकीच्या आउटलेटचा सांधा सोडून तिथलंच पाणी बादलीत घ्यायला सांगा, भाजणार नाही अशा बेतानं. स्वच्छ निघालं तर टाकी राहू दे, गरम पाण्याची लाइन सीपीव्हीसीची (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकची) करा.

आणि टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड काढून बघायला लावा. तो स्वतः झिजतो म्हणून टाकी टिकते. रॉडच्या आतली तार उघडी पडली असेल तर रॉड लगेच बदला. टाक्या बहुतेक ह्याच दुर्लक्षानं जातात, याचं फार वाईट वाटतं.

धागाकर्ती

खूप आभार. रॉडबद्दल आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पाण्याचा जडपणा घालवणारा सॉफ्टनर बसवला तर गंज थांबेल का?

प्रतिसाद १

नाही. त्यानं पांढरा थर थांबेल, गंज नाही. उलट रॉड लवकर झिजू शकतो, तेव्हा सॉफ्टनर बसवलात तर रॉड वरचेवर तपासा.