डॉली पार्टन मंचावर: आपण नक्की काय ऐकायला जातो?

रानजाई

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ज्यांनी डॉली पार्टन फक्त स्टुडिओतल्या रेकॉर्डवर ऐकली, त्यांनी ती निम्मीच ऐकली. परवा एका मित्राने इंग्लंडमधल्या 2014 च्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवाचा विषय काढला आणि ‘तिथे ती गायलीच नव्हती, रेकॉर्ड लावून नुसते ओठ हलवत होती’ असं ठासून सांगितलं. ते डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

ज्यांना ती ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ती कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या संगीताची, गायिका. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, स्मोकी पर्वताच्या कुशीत, 1946 साली जन्म. बारा भावंडांतली चौथी. तिच्या जन्माच्या वेळी डॉक्टरला द्यायला वडिलांकडे पैसे नव्हते, त्यांनी मक्याच्या पिठाचं पोतं दिलं. तेराव्या वर्षी ती नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्रीत, म्हणजे कंट्री गाणाऱ्यांच्या पंढरीत, गायली. 1964 साली शाळा संपली आणि दुसऱ्याच दिवशी तिने नॅशव्हिलची बस धरली.

माझी सगळ्यात लाडकी रेकॉर्ड 1970 च्या एप्रिलमधली आहे. तिच्याच शाळेत, सेव्हिअर काउंटी हायस्कूलमध्ये, झालेला कार्यक्रम. जिथून सहा वर्षांपूर्वी ती बाहेर पडली तिथेच परत आलेली, आणि समोर गावची माणसं. त्यात ती खेचरं हाकणाऱ्याचं एक जुनं गाणं योडलिंग करत गाते. योडलिंग म्हणजे आवाजाने छातीतून एकदम टाळूत उडी मारायची आणि परत खाली यायचं. स्टुडिओतही तिने ते छानच गायलंय. पण इथे, जिला आपण लहानपणी पाहिलं ती मुलगी काय करू शकते हे ती गावाला दाखवते आहे, आणि ते कानाला कळतं.

शिवाय तिच्या कार्यक्रमांत गाण्यांच्या मधलं तिचं बोलणं. आईने चिंध्या जोडून शिवलेला कोट, तो घालून ती मिरवत शाळेत गेली आणि मुलं हसली, ही गोष्ट ती आधी सांगते आणि मग ऑटोहार्प हे तारांचं वाद्य छातीशी धरून गाते. ती गोष्ट कापून नुसतं गाणं ऐकवलं तर माझ्या लेखी काहीतरी तुटतं.

खर्जातला सा

तुमचा मित्र अगदीच चुकीचा नाही. मी तो ग्लास्टनबरीचा कार्यक्रम दोनदा पाहिलाय. रविवारची दुपार, चिखल, लाखावर माणसं, पांढरा चमचमता पोशाख, खडे जडवलेला सॅक्सोफोन. अडुसष्टाव्या वर्षी बाई मंचभर फिरते, हसते, बोलते, आणि गाणं सुरू झालं की श्वास कुठे तुटत नाही, सूर कुठे सरकत नाही. मला शंका येते. तेव्हा ती अनेकांना आली होती.

तिने आरोप साफ नाकारला. केस खोटे, बाकीही बरंच खोटं, पण आवाज आणि काळीज माझं खरं आहे, अशा अर्थाचं ती बोलली. मी तिचा शब्द मानतो. तरी प्रश्न उरतोच. ज्या गाण्यावर अशी शंका घेता येते इतकं ते गुळगुळीत झालं असेल, तर ‘लाइव्ह’ म्हणून मी काय ऐकलं? मला मैफलीत गायकाचा घसा खवखवलेला चालतो. त्या दिवशीचा आवाज मिळाला पाहिजे.

रानजाई

श्वासाचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष नाही. मागे कोरस गाणारे आहेत, ते ओळींची टोकं उचलून धरतात. शिवाय जी बाई अर्धशतक हेच करत आली आहे, तिने श्वास कुठे घ्यायचा हे शिकू नये का?

ऑक्टोपॅडवाला

मला ओठांपेक्षा तालाबद्दल बोलायचंय. मी बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवतोय. गणेशोत्सव, लग्नाच्या हळदी, कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम. आधी आमच्याकडे ढोलक, तबला, कोंगो आणि ऑक्टोपॅड असे चौघं असायचो. आधी रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावून गाणं सुरू झालं आणि एकेक जण घरी बसला. आता मी एकटा उरलोय, आणि बऱ्याच गाण्यांना मीसुद्धा नुसता उभा असतो.

म्हणून 2016 चा तिचा दौरा मला बोचतो. ‘साधंसुधं’ म्हणून गाजवला, आणि त्यात ड्रमवादकच नाही! तीन साथीदार, आणि ताल मशीनचा. तिला काय पैशाची वाण होती? इतकी मोठी कलाकार असं करते, तेव्हा खालचे आयोजक तेच उचलतात. गायक थोडा रेंगाळला तर ढोलकवाला त्याच्यासाठी थांबतो. मशीन थांबत नाही. गाणं दोघांचं असतं ते तिथेच संपतं.

शार्लटकर

त्या दौऱ्यात मी नॉर्थ कॅरोलिनात प्रेक्षकांत होते, म्हणून लिहिते. दादा, तुमचं दुःख मी खोडणार नाही. मशीनचा ठेका काही गाण्यांत कोरडा वाटला, हे खरं आहे. पण त्या रात्री घरी काय घेऊन आले ते वेगळं होतं. एका गाण्यात वाद्यं जवळजवळ थांबली आणि ती नि तिचे साथीदार, एवढेच आवाज उरले. माझ्या बाजूला सत्तरीच्या एक आजी बसल्या होत्या. त्या डोळे मिटून पाचवा आवाज धरत होत्या, चर्चमध्ये धरतात तसा. इतक्या मोठ्या सभागृहात कुणी कुजबुजलं तरी कळलं असतं.

आणि ती एकेक वाद्य बदलत होती. लांब कृत्रिम नखांनी गिटार वाजवते, म्हणून तारा अशा लावून घेते की मोकळ्या तारांतूनच सुरावट निघावी.

नखांवरून आठवलं, दादा. 1980 च्या ऑफिसातल्या बायकांच्या सिनेमासाठी तिने लिहिलेल्या गाण्यात ठेका तिच्या नखांचा आहे. सेटवर बसल्या बसल्या नखं एकमेकांवर घासून टाइपरायटरचा आवाज काढला, त्यावर गाणं रचलं आणि तो आवाज रेकॉर्डमध्येही ठेवला.

खर्जातला सा

हे नखांचं छान आहे. तरी माझी दुसरी तक्रार लिहितोच. तिची वाक्यं ठरलेली असतात. ‘इतकं स्वस्त दिसायला फार पैसे लागतात’ हे ती कित्येक दशकं म्हणते आहे. पोतं तेच, कोट तोच. पहिल्यांदा ऐकताना डोळ्यांत पाणी आलं, पाचव्यांदा मला शिवण दिसायला लागली.

पिंपळपार

मी कंट्री फारसं ऐकत नाही, कीर्तन ऐकत वाढले. आमच्याकडे दामाजीपंतांचं आख्यान दर वर्षी व्हायचं. कोठार उघडणार, महार होऊन विठू बेदरला जाणार, सगळं सगळ्यांना पाठ. तरी बुवा ‘विठू’ म्हणाले की माझी आजी पदर डोळ्यांना लावायची. आख्यान नवीन हवं अशी तक्रार मी तरी ऐकली नाही.

खर्जातला सा

पण बुवा दामाजीची गोष्ट सांगतात, स्वतःची नाही. स्वतःचं दुःख रोज त्याच शब्दांत सांगितलं की मला ते पाठांतर वाटतं.

रानजाई

मग स्वतःच्याच दुःखाचं एक उदाहरण देते. पोर्टर वॅगनर या गायकाने 1967 साली डॉलीला आपल्या टीव्ही कार्यक्रमात घेतलं आणि तिथून ती घराघरांत पोचली. काही वर्षांनी तिला वेगळं व्हायचं होतं, तो सोडेना. भांडून उपयोग नाही म्हटल्यावर तिने गाणं लिहून त्याला गाऊन दाखवलं: ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’. व्हिटनी ह्यूस्टनने 1992 मध्ये जगभर नेलं तेच. तरी 1979 मध्ये वॅगनरने करारभंगाबद्दल तिच्यावर तीस लाख डॉलरचा दावा लावला, तो पुढे कोर्टाबाहेर मिटला.

मे 2007 मध्ये वॅगनरच्या ऑप्रीतल्या पन्नास वर्षांचा सोहळा तिथेच झाला. डॉली आली आणि त्याच्यासमोर तेच गाणं गायली. त्याच ऑक्टोबरात तो गेला. शब्द तीसहून जास्त वर्षांपूर्वीचे, एकही बदललेला नाही. त्याला तुम्ही पाठांतर म्हणाल का?

खर्जातला सा

नाही म्हणणार. 2007 चं ते गाणं आत्ताच पाहिलं. 1970 ची शाळेतली रेकॉर्डही काल रात्री पूर्ण ऐकली, त्या योडलला मी दाद दिली, दोनदा मागे जाऊन ऐकलं. ग्लास्टनबरीबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

ऑक्टोपॅडवाला

शार्लटकर ताई, मशीनबद्दल मी मागे हटत नाही. पण ते नखांचं गाणं काढून ऐकलं. मग टेबलापाशी बसून स्वतः करून बघितलं. माझी नखं वाजवण्यासाठी कापलेली, आवाज येईना. धाकटीला बोलावलं, तिने नुकतीच वाढवलीत. तिच्या नखांतून आला तसाच. मी खाली टेबलावर ठेका धरला, आणि जेवण गार होईपर्यंत दोघं वाजवत बसलो.