गारगोटीचे सातजण विसरू नका

वर एका दादांनी लिहिलंय की शिरीषकुमार नंदुरबारचा, त्याचं कोल्हापूरकरांना काय. अहो, असं कसं? 9 सप्टेंबर 1942 ला तिरंगा घेऊन मिरवणुकीत निघालेलं पोरगं, वय अजून सोळाही पूर्ण नाही. पोलिसांनी बंदुका रोखल्या तरी हातातला झेंडा खाली नाही केला. त्याच्यासोबत लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम, हे चौघंही गोळीबारात गेले. शिरीषकुमारचं नाव निदान पुस्तकात तरी येतं, या चौघांची नावं सलग सांगणारा मला क्वचितच भेटतो.

आणि आपल्याकडचं काय? त्याच वर्षी डिसेंबरात कोल्हापूरजवळच्या गारगोटीच्या सरकारी कचेरीवर चाल करून गेलेले सातजण गोळीबारात गेले. हां, तो मोर्चा नव्हता, खजिन्यावरचा छापा होता. दोन्ही एकाच मापानं मोजू नयेत. पण निःशस्त्र मिरवणुकीवर गोळी झाडणारं सरकार आणि तिथं गोळी झाडणारं सरकार, बंदोबस्ताची भाषा तीच.

कोल्हापुरातल्या बिंदू चौकाचंही तेच. उठसूट "या बिंदू चौकात" म्हणून आव्हान देतो आपण, अंबाबाईला आलेले पाहुणे तिथंच गाड्या लावतात. पण बिंदू नारायण कुलकर्णी हा 42 च्या चळवळीतला हुतात्मा, हे किती जणांना ठाऊक आहे? पार्किंगचा फलक लांबून दिसतो, तसा त्याच्या नावाचा, दोन ओळींच्या माहितीसकट, का नको? महापालिकेला निवेदन द्यायचं असेल तर सहीला मी आहे.