वर्षाला जेमतेम अडीच हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे इंजिन ऑइल केव्हा बदलावे?

निवृत्त_ठाणेकर

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे २०१९ सालची पेट्रोलवर चालणारी लहान गाडी आहे. निवृत्तीनंतर ती वर्षाकाठी सुमारे २,३०० किलोमीटर चालते. त्यांपैकी १,८०० किलोमीटर कणकवलीजवळच्या आमच्या गावी मे महिन्यात एकदा आणि गणपतीत एकदा जाण्या-येण्यात होतात, तर उरलेले ५०० बाजार, बँक आणि दवाखाना अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत.

मागच्या ऑक्टोबरात ऑइल आणि फिल्टर बदलले, त्याला आता आठ महिने झाले असून गाडी १,२५० किलोमीटर चालली आहे. गेल्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरमधून फोन आला की सहा महिने उलटून गेले आहेत, तेव्हा ऑइल त्वरित बदलून घ्यावे. गाडीच्या पुस्तिकेत मात्र १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी होईल ते, असे छापलेले आहे. शेजारचे गृहस्थ म्हणतात की बंद डब्यातले ऑइल चार वर्षे टिकते, मग न चालणाऱ्या इंजिनात ते कशाने खराब होणार?

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. जानेवारीत ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस सायीसारखा पिवळट-पांढरा थर दिसला होता. एका मेकॅनिकने हेड गॅस्केट (इंजिनाच्या माथ्याखालचे सील) गेल्याची शंका बोलून दाखवली. मी काहीही केले नाही, आणि मे महिन्यात गावी जाऊन आल्यावर पाहतो तो थर नाहीसा झालेला! याचा ऑइलशी संबंध आहे काय?

पाना_नंबर_चौदा

काका, संबंध आहे, आणि आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या झाकणाखालीच दिसले होते.

एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास लिटरभर पाणी तयार होते. त्यातले बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते. सकाळी गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरमधून थेंब गळताना आपण पाहिलेच असतील. परंतु त्या वायूंचा थोडा भाग पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतो, आणि इंजिन थंड असेल तर तिथल्या वाफेचे पुन्हा पाणी होते. त्याशिवाय थंड इंजिनाला सुरुवातीला पेट्रोल जास्त द्यावे लागते, ते सगळे जळत नाही, आणि त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळते. ऑइल पुरेसे तापले आणि काही काळ तसेच तापलेले राहिले, तर हे पाणी व पेट्रोल उडून जाते. दोन किलोमीटरमध्ये ते तापत नाही. काट्यावर दिसते किंवा निळा दिवा विझल्यावर कळते ते कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे तापमान. ऑइल त्याच्या बरेच मागून तापते.

आता आपलेच आकडे पाहू. १,८०० किलोमीटर आपण चार लांबच्या प्रवासांत केलेत, आणि त्यांत इंजिनाला काडीचाही त्रास झालेला नाही. त्रास आहे तो उरलेल्या ५०० किलोमीटरमध्ये, कारण दोन-दोन किलोमीटरच्या हिशेबाने त्या अडीचशे फेऱ्या होतात. त्यातली निदान अर्धी वेळ इंजिन पूर्ण थंड असताना सुरू झाले असणार. झाकणाखालची साय म्हणजे ऑइलात घुसळलेले पाणी होते. कणकवलीच्या प्रवासात ते उडून गेले. हेड गॅस्केट गेले असते तर कूलंट ऑइलात शिरत राहिले असते, ती साय अशी आपोआप गेली नसती आणि कूलंटची पातळीही उतरत राहिली असती. कूलंटची टाकी मात्र एकदा पाहून घ्यावी.

शेजारच्या काकांचा मुद्दा डब्यापुरता बरोबर आहे. सीलबंद डब्यात ना पाणी जाते, ना पेट्रोल, ना जळालेल्या वायूंतली आम्ले. या आम्लांना मारण्यासाठी ऑइलात मुद्दाम अल्कधर्मी द्रव्ये घातलेली असतात आणि ती हळूहळू खर्ची पडतात. लांबचा प्रवास केल्याने पाणी उडून जाईल, पण संपलेली द्रव्ये परत येत नाहीत. म्हणूनच पुस्तिकेत किलोमीटरच्या जोडीला महिन्यांची अट आहे.

सहा महिन्यांविषयी सर्व्हिस सेंटरला सरसकट लबाड ठरवू नये, असे मला वाटते. बहुतेक पुस्तिकांत प्रतिकूल वापरासाठी वेगळा तक्ता असतो, त्यात वारंवार होणाऱ्या छोट्या फेऱ्या मोडतात, आणि तिथे मुदत कमी केलेली असते. आपली गाडी फक्त बाजारातच फिरत असती तर मी स्वतः सहा महिन्यांनी ऑइल बदला असे म्हणालो असतो. वर्षातून दोनदा ती साडेचारशे किलोमीटर सलग पळते, म्हणून माझ्या मते बारा महिने पुरेसे आहेत. त्याच्या पुढे मात्र ताणू नये.

स्टुटगार्टचा_शेजारी

येथे जर्मनीत अनेक वर्षे राहत असल्याने एक अनुभव नोंदवतो. फोक्सवॅगनसारख्या उत्पादकांची दोन वर्षे किंवा ३०,००० किलोमीटर अशी लांब मुदतीची पद्धत येथे परिचित आहे. गावाकडच्या नातेवाइकांना मी मोठ्या उत्साहाने सांगत असे की तुम्ही उगाचच दरवर्षी खर्च करता. नंतर माझ्याच लक्षात आले की ती मुदत ठरावीक मानकाच्या ऑइलसाठी आणि महामार्गावर लांब पल्ल्याने चालणाऱ्या गाडीसाठी आहे. शहरात थोडेथोडके चालवणाऱ्यांसाठी येथेही वर्षाचीच मुदत सुचवली जाते. माझी पत्नी मुलांना शाळेत सोडण्यापुरतीच गाडी काढते, त्यामुळे आम्हीही वार्षिक पद्धतीवर आलो. सिंथेटिक ऑइल जास्त टिकते हे खरे, पण त्यात पेट्रोल मिसळायचे ते मिसळतेच.

घाटमाथा

येथे कोणी बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) डिझेल गाडीसाठी हे वाचत असेल तर थोडे सावध करतो. या गाड्यांतल्या काजळीच्या फिल्टरला स्वतःची सफाई करण्यासाठी लांब, सलग धाव लागते. ती सफाई अर्धवट राहत गेली की त्यासाठी सोडलेले जास्तीचे डिझेल बऱ्याच गाड्यांत ऑइलात उतरते, आणि डिपस्टिकवरची (ऑइल मोजण्याच्या पट्टीवरची) पातळी वाढलेली दिसते. ऑइल वाढले म्हणून आनंद मानू नये, ते ताबडतोब बदलावे. आमच्या घरी ही चूक झाली आहे.

निवृत्त_ठाणेकर

आपणा सर्वांचा आभारी आहे. आज सकाळी गाडी सपाट जागी असताना डिपस्टिक पाहिली. पातळी दोन खुणांच्या मधोमध आहे, पेट्रोलचा वास येत नाही, कूलंटही जागेवर आहे. ऑइलचा रंग मात्र काळपट झाला आहे. दोन शंका उरल्या आहेत. मुदत ऑक्टोबरात संपेल, तर गणपतीला निघण्यापूर्वीच ऑइल बदलावे की परत आल्यावर? आणि दर रविवारी मी गाडी जागेवरच दहा मिनिटे चालू ठेवतो, त्याचा काही उपयोग होतो काय?

पाना_नंबर_चौदा

काळपट रंगाची काळजी नको. चांगले ऑइल मळ स्वतःत धरून ठेवते, म्हणून ते काळे पडते. नुसत्या रंगावरून निकाल देता येत नाही.

रविवारची दहा मिनिटे कृपया आजपासून बंद करावीत. जागेवर चालू ठेवलेल्या इंजिनाचे ऑइल कोमट होते आणि तिथेच थांबते, म्हणजे आपण दर आठवड्याला त्यात थोडे पाणी आणि थोडे पेट्रोल स्वहस्ते घालत आहात. बॅटरीलाही त्याचा फारसा लाभ नाही. त्याऐवजी पंधरवड्यातून एका रविवारी पहाटे, भिवंडीची गर्दी सुरू होण्याआधी, नाशिक महामार्गाने पडघ्यापर्यंत जाऊन यावे. अर्धा-पाऊण तास सलग चालली की इंजिन, बॅटरी, ब्रेक आणि टायर या सगळ्यांचे काम होते, शिवाय काकूंनाही फिरून येता येईल.

ऑइल बदलण्याबाबत मेकॅनिक सहसा लांबच्या प्रवासाआधी बदला असे सांगतात. आपल्या बाबतीत मी उलट सांगेन. गणपतीहून परतल्यावर गाडी मे महिन्यापर्यंत छोट्या फेऱ्यांवर राहणार आणि बराच काळ उभी असणार. तो काळ इंजिनाने जुन्या, आम्ल साठलेल्या ऑइलात काढण्यापेक्षा नव्या ऑइलात काढलेला बरा. तोवर अकरा महिनेच होतील, म्हणजे पुस्तिकेची अटही पाळली जाईल. निघण्यापूर्वी पातळी तेवढी तपासून घ्यावी.

ठाण्यात पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी गॅरेजला जाताना वाटेत वीस-पंचवीस मिनिटांचा वळसा घ्यावा, म्हणजे ऑइल गरम राहील आणि चेंबरमधून पूर्ण निथळेल. फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर दोन्ही नवे घ्यावेत. फ्लशिंग (रसायन घालून इंजिन आतून धुणे) करून घ्या असा आग्रह झाला तर नम्रपणे नको म्हणावे. तारीख आणि किलोमीटर लिहिलेले बिल जपून ठेवावे. आणि ब्रेक ऑइल शेवटचे केव्हा बदलले होते, ते त्याच बिलांच्या फायलीत शोधून पाहावे. ते हवेतली ओल शोषून घेते आणि साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. कमी चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांपैकी निम्म्यांना ते आठवत नाही, असा माझा अनुभव आहे.

निवृत्त_ठाणेकर

फाइल काढून पाहिली. ब्रेक ऑइलची शेवटची नोंद २०२१ सालची आहे. उद्या सकाळी गॅरेजला जात आहे.