मेमरी मोजणारं मॉड्यूल: नाव काय, मोजायचं काय?

प्रश्न: यवतमाळकडच्या जिनिंगवर काट्याच्या नोंदी 1 जीबी रॅमच्या लिनक्स पेटीवर होतात. हंगामात वजनाचा प्रोग्राम हळूहळू फुगतो, शेवटी कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याला मारतो अन् कापसाच्या गाड्या काट्यावर अडतात. देखरेखीचं मॉड्यूल लिहितोय. ‘मेमरी मॅनेजर’ नाव चालेल का?

उत्तर 1: नको भाऊ. मॅनेजर म्हटलं की लोक समजतात, हे मेमरी वाटून देतं. हे नुसतं मोजतं, म्हणून ‘प्रोसेस_मेमरी_सॅम्पलर’. मर्यादा ओलांडल्यावर काय करायचं ते वेगळ्या मॉड्यूलात ठेवा. फील्डच्या नावात एकक हवंच: ‘आरएसएस_बाइट्स’ (आरएसएस म्हणजे प्रोग्रामनं प्रत्यक्ष रॅममध्ये व्यापलेली जागा). प्रॉकमधली (कर्नल चालू प्रोग्रामांची माहिती दाखवतो ते फोल्डर) ‘स्टॅटएम’ फाइल पानांत, म्हणजे मेमरीच्या ठरावीक तुकड्यांत, आकडा देते, ‘स्टेटस’ केबीत. 4096 बाइट्स गृहीत धरू नका, पानाचा आकार सिस्टिमलाच विचारा.

उत्तर 2: फोर्क केलेले (एकाच प्रोग्रामच्या प्रती काढून चालवलेले) 4 वर्कर असतील तर आरएसएसची बेरीज फसवते, सामायिक पानं चारदा मोजली जातात. तिथं पीएसएस (सामायिक पानं वाटून मोजणारा आकडा) घ्या, ‘स्मॅप्स_रोलअप’मधून (कर्नल 4.14 पासून). पण ते वाचताना कर्नल सगळी पानं चाळतो, महाग पडतं. आरएसएस दर 10 सेकंदांनी, पीएसएस 5 मिनिटांनी पुरे.

उत्तर 3: पीआयडी (चालू प्रोग्रामचा नंबर) एकट्यावर विसंबू नका दादा. प्रोग्राम मेला की तोच नंबर दुसऱ्याला मिळू शकतो, अन् आलेख भलत्याचाच निघतो. सोबत सुरू झाल्याची वेळ जपा: प्रॉकमधल्या ‘स्टॅट’ फाइलमधलं 22वं फील्ड. प्रोग्रामचं नाव तिथं कंसात येतं, त्यात स्पेस असू शकते, म्हणून ओळ शेवटच्या बंद कंसानंतरच तोडा; तिथून ते 20वं येतं.