सी-विंगचे पोपट : एकाचे दोन कधी झाले?

ग्रुप : आपली सोसायटी, नाचणे रोड (फक्त कामाचे मेसेज)
रविवार

सावंतकाका सी-२०१ | सकाळी ६.१२
सुप्रभात. आज पुन्हा पावणेसहाला सुरू. खिडकी लावावी तर उकाड्याने जीव जातो, उघडी ठेवावी तर डोक्यावर पोपट. एप्रिलमध्ये सी-३०१च्या मॅडमनी सांगितलं होतं की तोडलेल्या माडातलं एक पिल्लू आहे, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. मी काही बोललो नाही. आता आवाज दोन येतात. एकाचे दोन कधी झाले ते कोणी सांगेल का?

अमेय ए-४०२ | ६.४०
काका, एवढ्या लवकर फक्त तुम्ही आणि पोपटच उठता 😀

सावंतकाका सी-२०१ | ६.४१
चेष्टेचा विषय नाही. माझी बायपास झाली आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

अमेय ए-४०२ | ६.४३
सॉरी काका.

भाटकर बी-१०२ | ६.५५
मूळ मुद्द्यावर या. टाकीमागचा माड तोडायचा ठराव कुठल्या मीटिंगला झाला? मिनिट्स दाखवा.

सेक्रेटरी | ७.०५
भाटकरसाहेब, माड मेलेला होता. शेंडा गेल्या पावसाळ्यातच गळून पडला होता. पावसाआधी काढला नसता तर पार्किंगवर आला असता. हे तीनदा सांगून झालंय.

भाटकर बी-१०२ | ७.०९
मेलेल्या माडातच पोपट ढोली धरतात. आमच्या वाडीत असा माड असला की वडील वैशाख सरेपर्यंत कोयता लावू देत नसत. आधी वर चढून बघायला काय झालं होतं? मिनिट्स दाखवा.

नाझियाभाभी बी-३०४ | ७.१५
टँकर आज आहे की उद्या? बी-विंगच्या टाकीत खडखडाट आहे.

सेक्रेटरी | ७.१६
आज ११ वाजता. ए आणि बी आधी, मग सी.

सावंतकाका सी-२०१ | ७.१८
सी नेहमी शेवटी. पाण्याला शेवटी, पोपटांना पहिले.

परांजपेआजी ए-१०१ | ७.३०
मधुरा दूधपोळी कुस्करून दे ग त्यांना आमच्या माहेरी राजापूरला राघू होता पिंजऱ्यात दूधपोळी आणि हिरवी मिरची खायचा खूप वर्षं जगला बोलून लिहिते आहे चुकलं तर सांभाळून घ्या

रूपालीवहिनी ए-३०२ | ७.४१
मधुराताई, मला वेगळंच विचारायचंय. काल संध्याकाळी जिन्यातून जाताना तुझं दार उघडं होतं. दोन्ही पिल्लं चोची उघडून माना हलवत होती आणि तू सिरिंज बाजूला ठेवून दिलीस. ओजस रात्री रडला, म्हणाला मावशी त्यांना उपाशी ठेवते. खरंच कमी देतेस का?

सावंतकाका सी-२०१ | ७.४४
म्हणजे ती भुकेने ओरडतात? मग भरवा की! सगळ्यांची झोप वाचेल.

मधुराताई सी-३०१ | ८.२०
त्यांचं खाणं चालू होतं म्हणून उशीर झाला.
वहिनी, उपाशी ठेवत नाही. आधी हेच सांगते, ओजसच्या मनात ते राहायला नको.
दोन्ही आता सात-आठ आठवड्यांची आहेत. ढोलीत असती तर याच सुमाराला बाहेर पडली असती आणि आईबापांनी भरवणं कमी करत आणलं असतं. पिल्लू फांदीवर बसून मागत राहतं, आईबाप दोन घास देतात आणि उडून जातात. मग ते चिडून शेंग, कळी, फांदीची साल, सापडेल ते चावत सुटतं, आणि असं चावता चावताच खायला शिकतं. मी तेच करतेय. दुपारचं भरवणं बंद करून पाच दिवस झाले. सकाळचं निम्म्यावर आणलंय, तेही आधी ताटली ठेवून तासाभराने. रात्रीचं मात्र पोटभर. ते सगळ्यात शेवटी सुटेल. रिकाम्या पोटी त्यांना झोपवायचं नाही.
रोज सकाळी काही द्यायच्या आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करते. आपल्या माडावरचं वाढून १२४ ग्रॅमवर गेलं होतं, आज ११६ भरलं. भरवणं सुटताना एवढं उतरतंच. पण दहावा हिस्सा उतरला की थांबायचं असतं, म्हणून ११२च्या खाली गेलं तर त्याच दिवशी दुपारचं परत सुरू करीन.

मधुराताई सी-३०१ | ८.२७
आणि काल तू पाहिलंस ते असं होतं. मागायला लागली की मी कोमट खाणं पुढे करते. घसाघसा घेतलं तर ती भूक, मग पूर्ण देते. दोन घोट घेऊन तोंड फिरवलं आणि पुन्हा ओरडायला लागलं, तर त्याला मी जवळ हवी असते, खाणं नको असतं. काल दोघांनी तोंड फिरवलं म्हणून सिरिंज ठेवली. ओजसला संध्याकाळी पाठव, त्याच्या हाताने वजन करू दे.

नाझियाभाभी बी-३०४ | ८.३१
आमच्या धाकट्याचं दूध सोडवताना असंच झालं होतं. आठ दिवस सासूबाई माझ्याशी बोलल्या नव्हत्या 😄

सावंतकाका सी-२०१ | ८.३५
माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून नाही. एकाचे दोन कसे?

मधुराताई सी-३०१ | ८.४२
काका, सांगते. वनरक्षक १५ दिवसांपूर्वी लांज्याकडचं एक पिल्लू घेऊन आले. मीच विचारलं होतं त्यांना, सोबतीला दुसरं मिळालं तर आणा म्हणून. पोपटाचं पिल्लू एकटं माणसाच्या हातावर वाढलं की माणसालाच आपलं समजतं. थव्यात जात नाही, घाबरायला हवं तिथे घाबरत नाही, कुणाच्याही खांद्यावर जाऊन बसतं आणि मांजराच्या तोंडी जातं. दोघं असली की एकमेकांची चोच साफ करतात, रात्री एकमेकांना चिकटून झोपतात, माझ्याकडे बघत नाहीत. मला तेच हवंय. मी हे ग्रुपवर आधी टाकायला हवं होतं, ते चुकलं.

सावंतकाका सी-२०१ | ८.४६
चुकलं ना. बस. मॅडम, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण विचारून करावं.

भाटकर बी-१०२ | ८.५०
कायद्याचं काय? देशी पोपट घरात ठेवायला बंदी आहे. उद्या कोणी तक्रार केली तर सोसायटी अडकेल. आणि ठरावाची मिनिट्स अजून आलेली नाहीत.

मधुराताई सी-३०१ | ८.५८
बरोबर आहे भाटकरकाका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपला देशी पोपट पाळता येत नाही, विकता येत नाही, विकतही घेता येत नाही. वन्यजीव हाती लागला तर ४८ तासांत कळवावं लागतं. माड पडला त्याच संध्याकाळी मी वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन केला, दुसऱ्या दिवशी वनखात्याचे लोक येऊन नोंद करून गेले. दोन्ही पिल्लं उडेपर्यंत माझ्याकडे राहतील असं लेखी आहे, झेरॉक्स सेक्रेटरींच्या फाइलला लावलीय. मी पोपट पाळत नाहीये. म्हणून तर ओजसला नावं ठेवू दिली नाहीत आणि बोलायला शिकवू दिलं नाही.

सेक्रेटरी | ९.००
झेरॉक्स आहे. कोणालाही बघता येईल, ६ ते ७.

परांजपेआजी ए-१०१ | ९.०४
पण दूधपोळीने काय होतं ग आमचा राघू तर

अमेय ए-४०२ | ९.०६
आजी, दुधाचं नाव नको. पहिल्या रात्री माडातलं दुसरं पिल्लू कसं गेलं माहितीये ना सगळ्यांना.

रूपालीवहिनी ए-३०२ | ९.०८
हो, माहितीये. मीच दिलं होतं. पावसाच्या सरीत भिजलेलं, थरथरत होतं, मला वाटलं कोमट दुधाने तरतरी येईल. दर वेळी कोणीतरी हा विषय काढतंच. मी बाहेर पडते ग्रुपमधून.

अमेय ए-४०२ | ९.०९
वहिनी, तुम्हाला बोललो नाही हो 🙏

मधुराताई सी-३०१ | ९.१५
वहिनी, कुठे जाऊ नकोस. त्या रात्री पार्किंगमध्ये २० माणसं उभी होती, पिल्लं पदरात घेऊन वर नेली ती तू. मी चिपळूणला होते, फोन लागत नव्हता. तुझ्या जागी कोणीही दूधच दिलं असतं.
आता सगळ्यांसाठी लिहिते, म्हणजे पुन्हा असं पिल्लू सापडलं तर उपयोगी पडेल. पक्ष्यांच्या पोटाला दूध पचत नाही. आणि त्यांच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं. ड्रॉपरने समोरून थेंब सोडला की तो सरळ तिकडे जातो, मग ते दूध असो नाहीतर पाणी. सिरिंज पिल्लाच्या डाव्या अंगाने घालून उजवीकडे रोखायची, कारण अन्ननलिका मानेच्या उजव्या बाजूने उतरते. पण हे दाखवल्याशिवाय जमत नाही, म्हणून कोणी करू नका. भिजलेलं, गारठलेलं पिल्लू आधी कोरडं करून उबेत ठेवा, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवली की पुरते. गार अंगाला अन्न पचत नाही. आणि १९२६ला फोन करा. ढोली शाबूत असेल आणि पिल्लू धडधाकट असेल तर परत आत ठेवणं सगळ्यात चांगलं. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकून देत नाहीत. आपला माड आडवा झाला होता, म्हणून तो रस्ता नव्हता.

परांजपेआजी ए-१०१ | ९.२२
मग तू देतेस तरी काय पेज का

मधुराताई सी-३०१ | ९.३१
आजी, नुसत्या पेजेवर हाडं धरत नाहीत. पिल्लांची पावडर मिळते, ती पाण्यात कालवते. ३९ ते ४१ अंशांवर द्यायची. त्याहून गार असली तर गळ्याखालच्या पिशवीत तशीच साचून आंबते, जास्त गरम असली तर पिशवी आतून भाजते आणि ते दोन दिवसांनी कळतं. मनगटावर थेंब टाकून अंदाज चुकतो, म्हणून थर्मामीटर. मे महिन्यात आपल्याकडे कालवलेलं तासाभरात वास मारायला लागतं, त्यामुळे दर वेळी ताजं. सकाळी उठल्यावर पिशवी चापून बघायची, रिकामी लागली तरच पुढचं.
आता ताटलीत मोड आलेले मूग वाफवून, मक्याचं ओलं कणीस, ज्वारीचं कणीस, पेरू, पपई, शेवग्याचा पाला. आणि हो, हिरवी मिरचीही. ती त्यांना तिखट लागत नाही. तुमच्या राघूचं तेवढं बरोबर होतं.

परांजपेआजी ए-१०१ | ९.३३
मग मी काय खोटं सांगते

नाझियाभाभी बी-३०४ | ९.३६
टँकरवाला फोन उचलत नाहीये.

भाटकर बी-१०२ | ९.३७
ज्यांनी ठराव केला ते फोन उचलत नाहीत, टँकरवाल्याचं काय घेऊन बसलात.

सेक्रेटरी | ९.४०
साहेब, कृपया. 🙏 मंगळवारी मीटिंग घेतो, तिथे बोला.

मधुराताई सी-३०१ | १०.०५
आत्ता एक झालं ते सांगते. लांज्याचं पिल्लू तीन दिवस मूग नुसते उधळत होतं, सगळी फरशी मुगाची. आत्ता त्याने एक मूग उचलला, जिभेने चोचीत फिरवला, फिरवता फिरवता साल वेगळं काढलं, साल टाकलं आणि आतलं गिळलं. आपलं पिल्लू शेजारी मान वाकडी करून बघत होतं. मग त्यानेही उचलला. त्याच्याने साल निघालं नाही, पडला. पुन्हा उचलला.

रूपालीवहिनी ए-३०२ | १०.०८
ओजसला वाचून दाखवलं. विचारतोय कोण राघू आणि कोण मैना.

मधुराताई सी-३०१ | १०.१०
आत्ता नाही कळणार. नराच्या गळ्याला कंठ, म्हणजे ते काळं-गुलाबी कडं, यायला दीड ते तीन वर्षं लागतात. तोवर ती कुठल्यातरी आमराईत असतील.

अमेय ए-४०२ | १०.१२
म्हणजे माझ्या काकांच्या बागेत. दरवर्षी अर्धे आंबे टोचून ठेवतात 😅

सावंतकाका सी-२०१ | १०.२०
सोडणार कधी? तारीख सांगा.

मधुराताई सी-३०१ | १०.३४
तारीख नाही देता येत काका, पण जून लागायच्या आत व्हायला हवं. पाऊस सुरू झाल्यावर सोडली तर भिजून, उपाशी राहून जातील. आधी दोघांनी सलग सात-आठ दिवस न भरवता वजन धरायला हवं. मग गच्चीत मोठा पिंजरा ठेवायचा, दोन-तीन दिवसांनी दार उघडायचं आणि खाणं बाहेर मांडत राहायचं. टाकीमागच्या बदामावर संध्याकाळी पाच-साडेपाचला थवा उतरतो, ही दोघं आत्ताच त्याला उत्तर देतात. तुम्हाला संध्याकाळी जे दुसऱ्यांदा ओरडणं ऐकू येतं ना, ते तेच. त्यासाठी मला गच्चीची किल्ली हवी आहे, साधारण १५ दिवस.

सेक्रेटरी | १०.३६
गच्चीवर सध्या आंबापोळी आणि आमसुलं आहेत.

नाझियाभाभी बी-३०४ | १०.३८
माझी आमसुलं अजून चार उन्हं मागतात. कोकमाच्या आगळाचा तिसरा हात द्यायचाय.

परांजपेआजी ए-१०१ | १०.४१
आंबापोळीवर पोपट बसले तर मी काय करू मुलीला पुण्याला पाठवायची आहे

सावंतकाका सी-२०१ | १०.४३
गच्ची ही सामाईक जागा आहे. आंबापोळीलाही परवानगी नव्हती, आठवण करून देतो.

परांजपेआजी ए-१०१ | १०.४४
सावंत गेल्या वर्षी दोन ताटं तुम्हीच खाल्लीत

अमेय ए-४०२ | १०.४५
🤐

मधुराताई सी-३०१ | १०.५२
आजी, तुमची ताटं उचलेपर्यंत थांबते. एवढंच, पिल्लांना कोणी गच्चीत किंवा जिन्यात काही खायला घालू नका. चिवडा, फरसाण, बिस्कीट, चहात बुडवलेली पोळी, काही नको. ओल्या काजूच्या बियाही नकोत, सालातलं तेल आपल्या बोटांना भाजतं, त्यांच्या जिभेचं काय होईल.

सेक्रेटरी | ११.२०
टँकर आला. सी-विंगवाल्यांनी साडेबाराला मोटर लावावी.

भाटकर बी-१०२ | ११.२१
मंगळवारच्या मीटिंगच्या अजेंड्यावर पहिला विषय माड. लिहून घ्या.

सावंतकाका सी-२०१ | रात्री ९.५०
मधुरा, पहाटे त्यांच्या खोलीचा पूर्वेचा पडदा ओढलेला असतो का? उजेड दिसला की ओरडत असतील.

मधुराताई सी-३०१ | ९.५४
नसतो काका. आज जाड चादर लावते. साडेसहापर्यंत तरी अंधार राहील.

सोमवार

मधुराताई सी-३०१ | सकाळी ६.५०
आपलं ११७, लांज्याचं ११०. रात्रीचं आपल्याने निम्मंच घेतलं, नंतर स्वतःहून ज्वारीच्या कणसावर गेलं. काका, आज कसं होतं?

सावंतकाका सी-२०१ | ७.०२
सहा वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं.

परांजपेआजी ए-१०१ | ७.१५
मधुरा आंबापोळी गुरुवारी उचलते किल्ली माझ्याकडे आहे वर येऊन घेऊन जा