मदत हवी आहे: आयपी पीबीएक्सला स्टँडबाय पीआरआय कार्ड कसं जोडावं?

मंडळी, शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे. सगळे फोन आयपी पीबीएक्सवर, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या टेलिफोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरवर, अ‍ॅस्टरिस्कवर, बाहेरची लाइन मात्र एकच पीआरआय (टेलिफोन कंपनीची डिजिटल लाइन), ३० चॅनलची, म्हणजे एका वेळी ३० कॉल. मागच्या वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि ही लाइन सर्व्हरला जोडणारं कार्ड गेलं. पोर्टचा दिवा लाल, डायल केलं की नुसता एंगेज टोन. नवीन कार्ड येईपर्यंत गिऱ्हाइकं साहेबांच्या मोबाइलवर, आणि साहेब माझ्या डोक्यावर.

आता दुसऱ्या कार्डाला मंजुरी मिळालीय. ते त्याच सर्व्हरमध्ये बसवू की वेगळ्या? एकाच मशिनमध्ये घातलं तर मदरबोर्ड उडाल्यावर दोन्ही कार्डं शोभेची. वेगळा सर्व्हर ठेवला तर आयपी पत्ता कीपअलाइव्हडीनं (एक सर्व्हर पडला की पत्ता दुसऱ्याला देणारा प्रोग्रॅम) तिकडं जाईल, फोनही रजिस्टर होतील. पण पीआरआयची केबल? ती एका वेळी एकाच कार्डात. रात्रपाळीच्या वॉचमनला केबल बदलायला शिकवू की काय!

ई-१ फेलओव्हर स्विच (पीआरआयची लाइन आपोआप दुसऱ्या कार्डाकडं वळवणारी पेटी) कुणी प्रत्यक्ष वापरलाय का? की कार्डाचा नाद सोडून पीआरआय गेटवे (लाइनवरचे कॉल नेटवर्कवर आणणारी वेगळी पेटी) घ्यावा आणि एसआयपीनं (नेटवर्कवरून कॉल जोडायची पद्धत) दोन्ही सर्व्हर जोडावेत? मग गेटवेच बंद पडला तर पुन्हा तेच रडगाणं, हेही आहेच.

आणि लाइनवर सर्ज प्रोटेक्टर कुठला टाकलाय, तेवढं सांगा. अर्थिंग तपासून घेतलंय.